विश्लेषण : ‘जंगली मुर्गा’ म्हणजे गुन्हा, गावठी कोंबडा म्हणजे जेवण, दोघांमधली रेघ नेमकी कुठे?

हिमाचल प्रदेशात डिसेंबर २०२४ मध्ये एका जेवणाच्या यादीत ‘जंगली मुर्गा’ हे दोन शब्द दिसले आणि थेट मुख्यमंत्र्यांना खुलासा करावा लागला. त्याच्या चार महिने आधी तेलंगणात एका यूट्यूबरने ‘मोराची करी’ कशी करायची याचा व्हिडीओ टाकला आणि वनविभाग त्याच्या दारात पोहोचला. मोर राष्ट्रीय पक्षी असल्यामुळे त्या प्रकरणात कुणाला शंका नव्हती. कोंबड्याचे तसे नाही. तो गल्लोगल्ली विकला जातो, जत्रेत कापला जातो, रविवारी रश्श्यात पडतो. मग त्याचा रानातला भाऊ ताटात आला तर तुरुंगवास कसा? आणि ताटात पडलेला तुकडा घरचा की रानातला, हे सिद्ध कोण करणार?

नेमके प्रकरण काय होते?

हिमाचलचे मुख्यमंत्री सुखविंदरसिंग सुक्खू शिमला जिल्ह्यातील दुर्गम कुपवी भागात गावभेटीवर होते. तिथल्या रात्रीच्या जेवणाचा व्हिडीओ आणि पदार्थांची यादी समाजमाध्यमांवर फिरू लागली. यादीत ‘जंगली मुर्गा’ होता. विरोधी भाजपने मुद्दा उचलला, प्राणीप्रेमींनी कारवाईची मागणी केली. आपण तो खाल्ला नाही आणि गावकऱ्यांनी केलेला कोंबडा देशी होता, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. पुढे चर्चा यादी खरी की खोटी याकडे वळली आणि पक्षी बाजूलाच राहिला.

राजकारण वगळले तरी एक गोष्ट उरते. ग्रामीण भागात ‘जंगली’, ‘रानटी’, ‘गावरान’ हे शब्द चवीची जाहिरात म्हणून सर्रास वापरले जातात. महामार्गावरच्या कितीतरी पाट्यांवर ‘रानकोंबडा’ लिहिलेले असते आणि पातेल्यात साधा गावठी कोंबडा असतो. वनविभागाच्या भाषेत मात्र त्या पाटीवरचा मजकूर म्हणजे गुन्ह्याची कबुली होऊ शकते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने प्राण्यांच्या अनुसूचींची फेरमांडणी केली. आता संरक्षित देशी प्राणी-पक्षी मुख्यतः पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीत येतात. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. रानकोंबडे, तित्तर, लावे हे सगळे या दोनपैकी एका यादीत आहेत. या दोन्ही याद्यांतील कोणत्याही प्राण्याची शिकार कलम ९ नुसार बंद आहे.

‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच रुंद आहे. बंदुकीने मारणे तर आलेच. फास लावणे, जाळे टाकणे, विष घालणे, पकडणे आणि यातले काही करण्याचा प्रयत्न, हेही शिकारच. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणे किंवा घरट्याला धक्का लावणेही त्यात येते. ‘मांस’ या शब्दाची व्याख्याही अशीच आहे: कच्चे असो वा शिजवलेले, रक्त, हाडे, चरबी आणि अंडीसुद्धा त्यात धरली जातात.

पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी आहे. इतर गुन्ह्यांसाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे ऐकून नवल वाटते, कारण त्यांच्या तरुणपणी रानकोंबड्याची, लाव्यांची शिकार उघडपणे व्हायची. त्यांची आठवण खोटी नाही. १९७२ चा कायदा आला तेव्हा त्यात लहान शिकारीसाठी परवान्यांची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने संपली. म्हणजे सरसकट बंदी फक्त साडेतीन दशकांची आहे आणि चवीची आठवण त्याहून जुनी आहे.

मग गावठी कोंबडी कायद्यातून सुटते कशी?

कायद्यात ‘वन्य प्राणी’ म्हणजे अनुसूचीत नाव असलेला आणि निसर्गात वन्य अवस्थेत आढळणारा प्राणी. दुसरी अट महत्त्वाची आहे. खुराड्यात वाढलेली, उकिरड्यावर चरणारी, संध्याकाळी डालग्याखाली झाकली जाणारी कोंबडी या व्याख्येत बसत नाही. कडकनाथही बसत नाही. त्याचे मांस काळे असले आणि किंमत चढी असली तरी तो पाळीव जातीचाच पक्षी आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते पाळीव वाण म्हणूनच.

कायद्याच्या कागदावर ही रेघ स्वच्छ आहे. अडचण पक्ष्याच्या रक्तात आहे.

कोंबडी मुळात कुणाची?

जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा आहे. शास्त्रीय नावातही दोघांची जात एकच, गॅलस गॅलस. बराच काळ कोंबडी सिंधू खोऱ्यात माणसाळली असे पाठ्यपुस्तकांत लिहिले जात होते. २०२० मध्ये ८०० हून अधिक पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली, तिने बोट दुसरीकडे दाखवले: नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमारच्या पट्ट्यातील लाल रानकोंबड्याची उपजात. २०२२ मध्ये जुन्या हाडांच्या फेरतपासणीतून थायलंडमधील बान नॉन वाट येथील अवशेष सर्वांत जुने खात्रीशीर पाळीव कोंबडीचे ठरवले गेले, इसवी सनपूर्व सुमारे १६५० ते १२५० या काळातले. संशोधकांचा अंदाज असा की कोरडवाहू भात आणि भरड धान्याच्या शेतीने रानकोंबड्यांना वस्तीजवळ ओढले. सांडलेल्या दाण्यांमागे पक्षी आला आणि राहिला.

भारतातली लाल रानकोंबडी ही वेगळी उपजात आहे. हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत आणि मध्य भारतातील साल वृक्षांच्या पट्ट्यातून ती साधारण गोदावरीपर्यंत येते. महाराष्ट्रात ती पूर्व विदर्भात, गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला दिसते. सह्याद्रीत, कोकण-गोव्याच्या रानात आणि दक्षिण भारतात जो दिसतो तो करडा रानकोंबडा. ही वेगळी जात आहे आणि भारताबाहेर कुठेच निसर्गतः आढळत नाही. त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणाचे थेंब पडल्यासारखे पिवळे-पांढरे ठिपके असतात. याच पिसांसाठी तो एकेकाळी मारला गेला, कारण युरोपात मासेमारीच्या गळावर लावायच्या नकली माश्या त्यांपासून बनत. आवाजही निराळा. लाल रानकोंबडा गावठी कोंबड्यासारखाच आरवतो, फक्त शेवट चटकन तोडतो. करड्याचे आरवणे तुटक, ठोके दिल्यासारखे असते आणि पहाटे दरीतून ते घुमते.

पिवळ्या पायांची गोष्ट

आता खरा गुंता. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक शोधले. ब्रॉयलर दुकानात सोललेल्या कोंबडीचे पाय पिवळे असतात, ते या जनुकामुळे. लाल रानकोंबड्याचे पाय मात्र राखाडी असतात. मग पिवळा रंग आला कुठून? संशोधकांना तो करड्या रानकोंबड्याकडे सापडला.

म्हणजे पाळीव झाल्यानंतर केव्हातरी, भारतीय उपखंडात, कुणाच्या तरी परसातल्या कोंबडीशी करड्या रानकोंबड्याचा संकर झाला. माणसांना पिवळे पाय आवडले, त्यांनी तशीच पिल्ले राखली आणि तो तुकडा जगभर गेला. अमेरिकेतल्या कारखान्यासारख्या कुक्कुटपालन केंद्रात ट्रेमध्ये बंद होणाऱ्या कोंबडीतही सह्याद्रीच्या रानकोंबड्याच्या कुळाचा एक धागा आहे. कायदा ज्या दोघांमध्ये भिंत घालतो, त्यांचे येणे-जाणे हजारो वर्षे चालू होते.

प्रयोगशाळा फरक सांगू शकते का?

जप्त मांसाची तपासणी देशात डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादच्या सीसीएमबीची वन्यजीव प्रयोगशाळा करते. मोर, तित्तर किंवा करडा रानकोंबडा असेल तर डीएनए चाचणीत जात कळते, कारण या जाती कोंबडीपासून पुरेशा वेगळ्या आहेत. तेलंगणातल्या मोराच्या करीसारख्या प्रकरणात म्हणूनच शिजलेल्या मांसालाही पुराव्याचे मोल असते.

लाल रानकोंबड्याचे काय? त्याची आणि गावठी कोंबडीची जात एकच. नेहमीच्या चाचणीत पेशीतील मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा छोटा भाग वाचला जातो. तो मातेकडून येतो आणि दोघांत सारखा असू शकतो. संपूर्ण जनुकसंच वाचला तर चित्र स्पष्ट होते, पण मसाल्यात तासभर शिजलेल्या तुकड्यातून तो शाबूत मिळणे कठीण, आणि प्रत्येक ताटासाठी ते करणे त्याहून कठीण. हिमाचलच्या ताटात खरोखर काय होते याचे उत्तर प्रयोगशाळेतून मिळण्याची आशा त्यामुळे पहिल्यापासूनच कमी होती.

कायद्याचे कलम ५७ इथे कामाला येते. एखाद्याकडे वन्य प्राण्याचे मांस आहे हे सिद्ध झाले, तर ते बेकायदा आहे असेच गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. पण मांस वन्य प्राण्याचे आहे ही पहिली पायरी सरकारी पक्षालाच चढावी लागते. करड्या रानकोंबड्याच्या प्रदेशात ती चढता येते, लाल रानकोंबड्याच्या प्रदेशात पाय घसरतो. अशा खटल्यांत पिसे, पाय, फास आणि फोटोच बहुधा मांसापेक्षा जास्त बोलतात.

अस्सल रानकोंबडा ओळखायचा कसा?

आकाराने तो गावठीपेक्षा लहान आणि सडपातळ. शेपटी गावठी कोंबड्यासारखी उभी नसते, जमिनीला समांतर किंवा झुकलेली असते. पाय राखाडी. मादीच्या डोक्यावर तुरा जवळजवळ नसतोच. माणूस दिसला की तो पळतो किंवा फडफडाट करत झाडावर जातो. दाणे टाकून जवळ येणारा ‘रानकोंबडा’ संशयास्पद समजावा.

सगळ्यांत पक्की खूण पावसाळ्यात दिसते. जून ते सप्टेंबरच्या सुमारास लाल रानकोंबड्याच्या नराची मानेवरची सोनेरी झालर गळते आणि तिथे आखूड काळी पिसे येतात. शेपटीची लांब पिसेही जातात. काही आठवडे हा राजबिंडा पक्षी अगदी ओळखू न येण्यासारखा होतो. गावठी कोंबड्यात ही पीसगळ अशी होत नाही. रक्त मिसळले की ही खूण पुसट होत जाते.

याच खुणेवरून दोन अमेरिकी संशोधकांनी १९९०च्या दशकात जगभरच्या संग्रहालयांतील लाल रानकोंबड्याचे ७४५ नमुने तपासले. आग्नेय आशिया आणि फिलिपिन्समध्ये ही खूण एकोणिसाव्या शतकातच विरळ होऊ लागली होती. भारताकडच्या पश्चिम भागातील पक्ष्यांत ती १९६०च्या दशकापर्यंत टिकून होती.

२०२३ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी जनुकसंचाच्या आधारे हाच प्रश्न पुन्हा तपासला. जुन्या संग्रहालयीन नमुन्यांची आजच्या पक्ष्यांशी तुलना केल्यावर गेल्या शतकभरात पाळीव कोंबडीचा वाटा वाढत गेल्याचे दिसले. आजच्या रानपक्ष्यांच्या जनुकसंचाचा २० ते ५० टक्के भाग पाळीव कोंबडीकडून आलेला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा अभ्यास प्रामुख्याने आशियातील लाल रानकोंबड्याबद्दल आहे, करड्याबद्दल नाही. करड्याचा गावठीशी संकर होतो, पण संकरातून पुढची पिल्ले तितक्या सहज होत नाहीत. म्हणून तो थोडा सुरक्षित आहे.

धोका फासाचा की खुराड्याचा?

फासाचा धोका दिसतो. पाऊलवाटेवर नायलॉनच्या दोऱ्यांची रांग दिसली की वनरक्षक ती उपटून काढतो. खुराड्याचा धोका दिसत नाही. जंगलाच्या कडेला असलेल्या गावातल्या कोंबड्या दिवसभर मोकाट चरतात आणि रानातला नर पहाटे त्यांच्यात येतो. यात कुणाचा गुन्हा नाही. बंदी घालण्यासारखेही काही नाही. आदिवासी पाड्यावर चार-सहा कोंबड्या म्हणजे अडीअडचणीचे पैसे असतात.

याच कडेवर रोगही ये-जा करतात. कोंबडीपालकांना माहीत असलेली मानमोडी, म्हणजे राणीखेत, पाळीव आणि रानपक्षी दोघांना होते. देशात एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात झाला, तेव्हा चर्चा बंदिस्त कुक्कुटपालनाची झाली. मोकाट परसातल्या पक्ष्यांकडे लसीची गाडी क्वचितच पोहोचते. मानमोडीची लस स्वस्त आहे आणि गावात ती दिली गेली तर फायदा कोंबडीवालीचाही आणि रानाचाही. संवर्धनाच्या योजनांत या बाबीला जागा का मिळत नाही, हे कोडेच आहे.

एक सवय मात्र सरळ गुन्ह्यात मोडते. गवत कापताना किंवा तेंदूपाने तोडताना रानकोंबडीची, तित्तराची, कधी लांडोरीची अंडी सापडतात. ती घरी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवली जातात आणि पिल्ले निघतात. करणाऱ्याला वाटते आपण जीव वाचवला. कायद्याच्या लेखी अंडी उचलणे हीच शिकार आणि निघालेली पिल्ले सरकारी मालमत्ता.

ढाब्यावरचे तित्तर-बटेर कायदेशीर का?

इथे उत्तर दोन भागांत आहे. बटेर असू शकते, तित्तर नाही.

बाजारात ‘बटेर’ म्हणून मिळते ती जपानी लावा. ती १९७४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणली गेली. तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिचे वाण विकसित केले. सहा-सात आठवड्यांत ती अंडी घालू लागते. अंड्यातून पिल्लू निघायला १७-१८ दिवस लागतात, कोंबडीला २१. जागा कमी लागते म्हणून अनेक तरुणांनी हा जोडधंदा केला.

त्या धंद्यावर २०११ मध्ये अचानक संकट आले. त्या वेळच्या अनुसूचीत लाव्यांचा सरसकट उल्लेख असल्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जपानी लाव्याच्या पालनाला नवे परवाने देऊ नयेत, असे राज्यांना कळवले. परदेशातून आणलेला, पिंजऱ्यातच वाढलेला पक्षी कागदोपत्री वन्य ठरला. शेतकऱ्यांनी कर्ज काढून बांधलेल्या शेड अडचणीत आल्या. पुढे मंत्रालयाने माघार घेतली आणि जपानी लावा बंधनातून सुटली.

भीती मात्र निराधार नव्हती. जपानी लावा आणि हिवाळ्यात भारतात येणारा सामान्य लावा दिसायला इतके सारखे आहेत की जाणकारही गोंधळतात. पिंजऱ्यातल्या शंभर पाळीव पक्ष्यांत दहा रानातले मिसळले तर निरीक्षकाला कळणे अवघड. आपल्याकडचा पर्जन्य लावा, काळ्या छातीचा, पावसाळ्यात माळावर ‘व्हिट्-व्हिट्’ ओरडणारा, आणि पायाखालून थवाच्या थवा भर्रकन उडवणारा रानलावा, हे दोन्ही वन्य आहेत. विक्रेत्याकडे फार्मचे बिल असणे हीच ग्राहकाला करता येण्यासारखी एकमेव तपासणी.

तित्तराला अशी पळवाट नाही. त्याची व्यापारी पैदास देशात मान्य नाही. त्यामुळे मेन्यूवर ‘तीतर’ असेल तर एकतर नाव खोटे आहे किंवा पदार्थ बेकायदा आहे.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक बाजू आहे. फासेपारधी समाजाचे नावच फासावरून पडले. घोड्याच्या केसांचे फास लावून तित्तर-लावे धरण्यात या समाजाची पिढ्यान् पिढ्यांची हातोटी होती. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची पद्धत सुरू केली, ती कायद्याने संपायला १९५२ साल उजाडले. वीस वर्षांत वन्यजीव कायदा आला आणि उपजीविकाच गुन्हा झाली. पर्याय मात्र कायद्यासोबत आला नाही. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारधी कुटुंबांना सोबत घेऊन तणमोर आणि गवताळ कुरणे राखण्याचे काम करते. पक्षी कुठे बसतो, कधी हलतो हे ज्यांना सर्वांत जास्त कळते, तेच राखणदार होतात. असे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. ढाब्यावर छापा पडला की बहुधा पकडला जातो तो फास लावणारा. गिऱ्हाईक हात पुसून निघून जाते.

या कुळात आणखी कोण?

कोंबडी, मोर, तित्तर, लावा, चकोत्री, टर्की, गिनी फाउल, हिमालयातला मोनाल हे सगळे एकाच गणातले. जगात या गणाच्या सुमारे ३०० जाती आहेत. जमीन उकरणारे मजबूत पाय, आखूड गोलसर पंख, दाणे दळण्यासाठी गिळलेले खडे आणि पेषणी, अनेक जातींच्या नरांच्या पायामागे काटा. अंड्यातून निघालेले पिल्लू काही तासांत धावू लागते. लांब उडणे यांना फारसे जमत नाही. धोका अंगावर आला की एकदम स्फोटासारखे उडायचे आणि थोड्या अंतरावर पुन्हा जमिनीवर. ही सवय शिकाऱ्याला सोयीची ठरली आणि छातीचे मोठे मांस खवय्यांना.

गणाचे सर्वांत जवळचे नातेवाईक बदके आणि हंस आहेत, हे अनेकांना पटत नाही. बेल्जियममध्ये सापडलेल्या सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या एका कवटीत कोंबडी आणि बदक दोघांच्या खुणा आहेत. २०२० मध्ये तिला ‘वंडरचिकन’ हे टोपणनाव मिळाले. उलट, हुबेहूब लाव्यासारखा दिसणारा दुर्लाव या गणातला नाहीच. त्याच्या पायाला मागचे बोट नसते आणि त्याचे नाते टिटवी-कुरवांशी आहे. त्यात मादी मोठी आणि रंगीत, अंडी उबवतो नर. पखुर्डीही तित्तरासारखी वाटते, पण तिचे नाते पारव्याच्या बाजूचे.

जमिनीवर राहणे आणि जमिनीवरच अंडी घालणे हे या कुळाचे बलस्थान आहे आणि दुखणेही. उत्तराखंडातील हिमालयी लावा १८७६ नंतर खात्रीने कुणालाच दिसलेला नाही. निकोबार बेटांवरचा मेगापोड तर अंडी स्वतः उबवत नाही. किनाऱ्यालगत वाळू आणि पालापाचोळ्याचा ढीग रचून त्याच्या उष्णतेवर सोपवतो. त्याला लागतो तोच किनारा बंदरालाही लागतो. ग्रेट निकोबार प्रकल्पासाठी गॅलेथिया उपसागर अभयारण्याची अधिसूचना जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाली.

मोर वाढले, मग तक्रार कसली?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. त्यात मोरांची संख्या दीर्घकालीन कलात दीडशे टक्क्यांहून अधिक वाढल्याचा अंदाज आहे. केरळसारख्या, पूर्वी मोर क्वचित दिसणाऱ्या राज्यातही तो पसरला. त्याच अहवालात गवताळ आणि माळरानी पक्ष्यांची मोठी घट नोंदवली आहे. मोर शेत, बाग, गावाची कड, काहीही चालवून घेतो. पर्जन्य लाव्याला माळच लागतो, आणि माळ सरकारी कागदावर ‘पडीक’ असतो.

पेरलेले दाणे आणि कोवळी रोपे मोर खातात, त्यामुळे शेतकरी वैतागतात. २०१६ मध्ये गोव्यात तत्कालीन कृषिमंत्र्यांनी मोराला उपद्रवी ठरवण्याचा विचार बोलून दाखवला आणि गदारोळ झाला. प्रत्यक्षात ते शक्यच नव्हते. केंद्र सरकार कलम ६२ खाली उपद्रवी जाहीर करू शकते, पण पहिल्या अनुसूचीतील प्राण्याला नाही. मग काही ठिकाणी विष घातलेले दाणे पडतात आणि मोरांबरोबर तित्तर, होले, साळुंक्याही मरतात. बीड जिल्ह्यातील नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली मोरांवर पर्यटन चालवते. ज्या गावात दोन्ही नाही, तिथल्या शेतकऱ्याच्या हाती नुकसान आणि कलम, एवढेच राहते.

सामान्य माणसाने काय लक्षात ठेवावे?

रानात गळून पडलेले मोरपीस उचलणे, घरात ठेवणे किंवा देशात विकणे यावर बंदी नाही. शेपटीच्या पिसांना कायद्यात सूट आहे. परदेशी नेता येत नाही.

रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेलेला मोर किंवा रानकोंबडा ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून डिकीत टाकणाऱ्यांवर गुन्हा होऊ शकतो. मेलेला वन्य प्राणीही कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता आहे. काही कारणाने ताब्यात आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाला कळवावे लागते. महाराष्ट्रात वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. जखमी पक्षी किंवा फास दिसला तर हाच क्रमांक.

आणि गवत कापताना घरटे दिसले तर त्याभोवतीचे चार हात गवत तसेच ठेवावे. रानकोंबडीची अंडी सुमारे तीन आठवड्यांत फुटतात. नंतर पिल्ले आपल्या पायांनी निघून जातात आणि राहिलेले गवत कापता येते.